अजिंठ्याचा मेजर गिल : जळालेली चित्रे, उरलेली छायाचित्रे

जळगावलगतचे असोदा हे गाव बहिणाबाई चौधरी यांचे माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. बहिणाबाईंचा जन्म १८८० चा. त्याच्या आदल्या वर्षी, १० एप्रिल १८७९ रोजी, असोद्यापासून अवघ्या वीसेक किलोमीटरवर असलेल्या भुसावळकडे उपचारासाठी नेले जात असताना एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने वाटेतच प्राण सोडला. मेजर रॉबर्ट गिल हे त्याचे नाव. आयुष्याची अखेरची चौतीस वर्षे त्याने अजिंठ्याच्या डोंगरात घालविली होती.

खानदेशात आणि मराठवाड्याच्या सीमेवरील गावांत गिलचे नाव आजही घेतले जाते ते पारोच्या प्रेमकथेसाठी. ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्याने आणि त्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये काढलेल्या चित्रपटाने ही कथा घरोघरी पोहोचविली. परंतु प्रेमकथेच्या या झगमगाटात गिलचे खरे काम झाकोळले गेले, हे मान्य करावे लागेल. त्याने रंगविलेल्या अजिंठ्याच्या नकला जवळपास सर्वच आगीत भस्मसात झाल्या. उरली ती त्याने पन्नाशी उलटल्यावर हाती घेतलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे. दख्खनच्या या काळ्या, कातळी प्रदेशाची सर्वांत जुन्या छायाचित्रांपैकी काही गिलच्या नावावर आहेत.

हा प्रदेश मुळात ज्वालामुखीचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या प्रचंड भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापणारे दख्खनचे पठार तयार झाले. असोद्याच्या शिवारात कपाशी आणि भरताची वांगी पिकविणारी काळी माती याच खडकाच्या झिजेतून आलेली आहे. अजिंठ्याचा उभा कडाही त्याच खडकाचा. तापीच्या खोऱ्याकडून दक्षिणेस निघालेल्या प्रवाशासमोर ही डोंगररांग भिंतीसारखी उभी ठाकते. वाघोरा नदीने याच भिंतीत घोड्याच्या नालेच्या आकाराची खोल घळ कोरली असून, सुमारे ७६ मीटर उंचीच्या त्या कड्यात तीस लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास सुरू झालेले हे खोदकाम पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात कळसास पोहोचले. पुढे हे सारे वैभव रानात लपले.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीच्या निमित्ताने या घळीत आला आणि दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. त्यानंतर हौशी साहेबांची ये-जा सुरू झाली. काहींनी टिपणे केली, तर काहींनी भिंतीवरील रंगीत चेहरे खरवडून काढून नेण्याचाही पराक्रम केला. १८३९ मध्ये वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने लेण्यांना भेट दिली. चित्रांचा ऱ्हास वेगाने होत असल्याचे त्याने हेरले आणि १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला. सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे आग्रह धरला. चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला करवून घ्याव्यात, असा निर्णय १८४४ मध्ये झाला आणि त्या कामी मद्रास फौजेतील कॅप्टन रॉबर्ट गिल याची निवड झाली.

गिलचा जन्म २६ सप्टेंबर १८०४ चा. विशीच्या उंबरठ्यावर तो कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाला. फौजी अधिकाऱ्याला नकाशे व आराखडे काढता येणे त्या काळी आवश्यकच समजले जाई. गिलचा हात मात्र त्यापलीकडचा होता. १८४१ मध्ये त्याचा विवाह झालेला होता. नेमणूक झाली तेव्हा चाळिशी गाठलेल्या या अधिकाऱ्याला काम फार तर काही वर्षांचे वाटले असावे.

१८४५ मध्ये तो अजिंठा गावी दाखल झाला. गाव घाटमाथ्यावर आणि निजामाच्या मुलखात. घाट उतरला की फर्दापूर, आणि त्यापलीकडे १८१८ पासून इंग्रजी अमलाखाली आलेला खानदेश. गावाला तटबंदी होती. असईच्या १८०३ च्या लढाईनंतर वेलस्लीच्या जखमी सैनिकांची व्यवस्था याच गावात करण्यात आली होती. येथील बारादरीत गिलने मुक्काम ठोकला. तेथून लेणी घाटवाटेने दहा-अकरा किलोमीटर दूर होती.

आज जळगावहून मोटारीने तासा-दीड तासात फर्दापूर गाठणाऱ्याला त्या वाटेची कल्पना येणे कठीण आहे. मुंबई ते ठाणे ही पहिली रेल्वेदेखील १८५३ मध्ये धावली. भुसावळपर्यंत रूळ यायला १८६० चे दशक उजाडले. गिल आला तेव्हा मुंबईहून येणारे सामान बैलगाडीने कसारा घाट चढून आणि मग नाशिक वा औरंगाबादच्या बाजूने आठवडेच्या आठवडे प्रवास करीत येई. साहेब घोड्यावर किंवा भोयांच्या खांद्यावरील मेण्यात, पेट्या गाड्यांवर, तंबू उंटावर किंवा बैलावर, अशी ती यात्रा असे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल गाडीचे चाक आसापर्यंत गिळून टाकी. नद्यांवर पूल नव्हते, त्यामुळे पूर ओसरेपर्यंत काठावर बसून राहण्यावाचून गत्यंतर नसे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाई आणि काळा कातळ रात्री उशिरापर्यंत निवत नसे. ज्याला प्रवासाचा हंगाम म्हणावा तो दिवाळीपासून होळीपर्यंतचा, एवढाच.

घळीच्या तोंडाशी पोहोचले तरी लेणी गाठली असे होत नसे. प्राचीन काळी प्रत्येक लेण्यातून नदीकडे उतरणारा स्वतंत्र दगडी जिना होता. ते बहुतेक कोसळून गेले होते. आज पर्यटक ज्या बांधीव वाटेने एका लेण्यातून दुसऱ्या लेण्यात जातात ती अस्तित्वातच नव्हती. घसरड्या कपारींना धरून, झुडपे तोडत पुढे सरकावे लागे. आत वटवाघळे, बाहेर आग्यामोहळे. वाघांचा तर तो मुलूखच होता. गिलने आपल्या आयुष्यात दीडशेच्या आसपास वाघ मारले असे सांगितले जाते. हा आकडा आजच्या वाचकाला सुन्न करणारा आहे. परंतु त्याच बंदुकीमुळे आसपासच्या वस्त्यांत तो आपला साहेब झाला, हेही तितकेच खरे मानले जाते. डोंगरात भिल्लांच्या वस्त्या होत्या. खानदेशात १८२५ मध्ये औट्रमने भिल्ल पलटण उभारली असली तरी डोंगरवाटांवरील प्रवासी निर्धास्त झाले नव्हते.

अशा परिस्थितीत गिल रोज लेण्यात जाऊन रंगवू लागला. मूळ चित्रांच्या आकाराशी मेळ राखणारे भव्य कॅनव्हास आणि तैलरंग. लेण्यांत उजेड दिवसाचे काही तासच येतो, तोही दारातून आडवा. भिंती धुराने काळवंडलेल्या, गिलावा जागोजागी सुटलेला. एखादी आकृती नेमकी कोठे संपते हे ठरविण्यासाठी तासन् तास टक लावून पाहावे लागे. विशेषतः १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांत चित्रे अधिक होती. पूर्ण झालेले कॅनव्हास गुंडाळून बैलगाडीने घाटाखाली आणि पुढे जहाजाने लंडनला रवाना होत. सुमारे तीस मोठ्या नकला या रीतीने तयार झाल्या. काही वर्षांचे म्हणून हाती घेतलेले काम दोन दशके लांबले, त्याचे कारण बारादरी, घाट आणि लेणे हा रोजचा फेरा ध्यानात घेतला म्हणजे उमगते.

पारो ही याच काळात गिलच्या आयुष्यात आली. लोककथेने तिच्याभोवती बरेच काही विणले आहे. मात्र अजिंठा गावातील तिची समाधी हा ठोस पुरावा आहे. त्या दगडावर तिचे नाव, गिलची प्रिया असा तिचा उल्लेख, पटकीने मृत्यू आणि २३ मे १८५६ ही तारीख कोरलेली आहे. विवाहित इंग्रज अधिकाऱ्याने एका स्थानिक स्त्रीशी असलेले नाते दगडावर कोरून जाहीर करावे, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती. एवढ्या चार ओळींच्या आधारावर पुढे काव्य आणि चित्रपट उभे राहिले.

१८५६ हेच वर्ष गिलच्या कामातही वळणाचे ठरले. त्याने छायाचित्रणाला प्रारंभ केला तो याच सुमारास. छायाचित्रणाची विद्या तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्यात सहभागी होते. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. प्राचीन वास्तूंची नोंद कुंचल्याऐवजी कॅमेऱ्याने करावी, हा विचार कंपनी सरकारात बळावला होता. कारण एक चित्र रंगविण्यास लागणाऱ्या महिन्यांत शेकडो छायाचित्रे निघू शकत होती. मुंबई सरकारने १८५५ मध्ये कॅप्टन बिग्ज याला याच कामावर नेमले होते.

त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे एक छोटी प्रयोगशाळा डोंगरात वाहून नेणे होते. सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतीत काचेच्या पट्टीवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरून ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवीत. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, प्रकाश द्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. सारा खेळ दहा-बारा मिनिटांचा. खानदेशच्या उन्हात द्रावण त्याआधीच सुकून जाई. धुण्यासाठी स्वच्छ पाणी हवे, आणि वाघोरा नदी उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात गढूळ होते. वाऱ्याने उडालेला धुळीचा एक कण पट्टीवर बसला तरी मेहनत वाया. त्यातच काचा, बाटल्या, तिपाई, तंबू यांचे ओझे खांद्यावर घेऊन कपारी चढणाऱ्या मजुरांचा पाय घसरला तर महिन्याची सामग्री घळीत.

यापेक्षाही एक सूक्ष्म अडचण होती आणि गिलच्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी ती लक्षात घेणे अगत्याचे आहे. त्या वेळचे रसायन केवळ निळा प्रकाश टिपत असे. तांबडा, पिवळा, गेरूचा रंग त्याला दिसतच नसे. हे रंग छायाचित्रात काळे येत. अजिंठ्याची भित्तिचित्रे तर मुख्यतः गेरू, पिवळी माती आणि काजळीची. म्हणजे जे वाचविण्यासाठी गिलला पाठविले होते, नेमके तेच त्याचा कॅमेरा पाहू शकत नव्हता. त्यामुळे चित्रांसाठी कुंचल्याला पर्याय उरला नाही आणि कॅमेरा वळला तो शिल्पे, स्तंभ, दर्शनी भाग, कडा आणि घळ यांच्याकडे.

निसर्गदृश्यातही हाच दोष आडवा येई. निळे आकाश जळून कोरे पांढरे होई, झाडी काळी ठिक्कर पडे आणि मुळात काळा असलेला कातळ उजेड पिऊन बसे. कातळाला पुरेसा प्रकाश द्यावा तर आकाश गेले, आकाश सांभाळावे तर कड्याचा नुसता काळा ठोकळा. गिलने अनेक छायाचित्रे त्रिमितीदर्शी म्हणजे स्टिरिओस्कोपिक पद्धतीने घेतली, त्याचे महत्त्व येथे कळते. या कॅमेऱ्याला डोळ्यांसारखी शेजारी शेजारी दोन भिंगे असतात. दोन किंचित भिन्न चित्रे एका पुठ्ठ्यावर चिकटवून विशिष्ट दर्शकातून पाहिली की खोली जाणवते. साध्या छायाचित्रात जो कातळ सपाट वाटतो तोच दर्शकातून पाहताना पुढे येतो. स्तंभामागे स्तंभ, त्यामागे गाभाऱ्यातील अंधार असे थर उलगडतात. लंडनच्या दिवाणखान्यात बसून अजिंठ्याची घळ पाहणाऱ्यांसाठी तो एक चमत्कारच होता.

गिल केवळ अजिंठ्यात थांबला नाही. वेरूळ, जवळचे अन्व्याचे मंदिर, वऱ्हाडातील मंदिरे आणि लोणार येथेही त्याने कॅमेरा नेला. अजिंठ्याहून लोणार शंभर किलोमीटरहून अधिक दूर. मध्ये बुलडाण्याचे घाट. काठावर उभे राहिल्यावर खाली सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आणि तळाशी खारे पाणी. हे ज्वालामुखीचे मुख असावे, असा त्या काळचा समज होता. अशनीच्या आघाताने ते बेसॉल्टच्या थरात खोदले गेले, हे सिद्ध व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची गिलने घेतलेली छायाचित्रे आज अभ्यासकांना मोलाची वाटतात.

१८६४ मध्ये लंडनहून गिलची छायाचित्रे असलेली दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया या पुस्तकात ७४ छायाचित्रे होती. दुसऱ्यात वास्तू आणि निसर्ग यांची शंभर त्रिमितीदर्शी चित्रे. मजकूर फर्ग्युसनचा. छापील पानात खरी छायाचित्रे चिकटविलेली ही पुस्तके भारतीय शिल्पकलेच्या अभ्यासातील आरंभीच्या सचित्र ग्रंथांत गणली जातात. साठीला आलेल्या गिलसाठी तो कीर्तीचा क्षण होता, पण तो फार टिकला नाही.

त्याच्या नकला लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. काच आणि लोखंडाच्या त्या अवाढव्य प्रदर्शनगृहाच्या एका भागाला ३० डिसेंबर १८६६ रोजी आग लागली. जवळजवळ वीस वर्षांच्या परिश्रमांची राख झाली. प्रदर्शनात नसलेले मोजके चार-पाच कॅनव्हास तेवढे वाचले. ते पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेले. ही बातमी बारादरीत पोहोचली तेव्हा गिल बासष्ट वर्षांचा होता. त्याने पेन्शन घेऊन मायदेशी जाणे सर्वांना स्वाभाविक वाटले असते. त्याने उलट नव्याने रंग व साहित्य मागितले आणि पुन्हा कामाला आरंभ केला. दरम्यानच्या वीस वर्षांत भिंतींवरील गिलावा आणखी ढासळला होता आणि त्याची नजरही पूर्वीची राहिली नसणार.

मोठ्या प्रमाणावरील नकलांचे काम सरकारने १८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याच्याकडे सोपविले. पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी हाताशी घेऊन त्याने ते १८८५ पर्यंत चालविले. दैवाची क्रूर थट्टा अशी की, ग्रिफिथ्सच्या चमूने केलेल्या नकलांपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. शिवाय चित्रे उठून दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर फासलेल्या व्हार्निशने पुढे चित्रांचेच नुकसान केले. निजाम सरकारने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली लेण्यांची डागडुजी, वाटा, जिने, चित्रांची साफसफाई ही कामे झाली. त्यासाठी १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञ आणण्यात आले होते. याझदानी यांचे रंगीत छायाचित्रांचे ग्रंथ १९३० पासून निघू लागले, तोवर छायाचित्रण विद्येने गेरूचा रंग पाहण्याची दृष्टी मिळविली होती.

या डागडुजीमुळेच गिलच्या छायाचित्रांना वेगळे मोल आले आहे. दर्शनी खांब ढासळलेले, ओसरीत दगडमातीचे ढीग, कपारीतून वाढलेली झुडपे. नवे खांब बसविण्यापूर्वी लेणी कशी होती हे आज पाहायचे तर ती छायाचित्रे उघडावी लागतात. चित्रांच्या नकला करण्यासाठी आलेल्या माणसाचे काम टिकले ते प्रामुख्याने या रूपात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ती जतन करण्यात आली आहेत. अजिंठ्याला भेट देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती पाहायला मिळाली आहेत, ही खेदाची बाब होय. फर्दापूरच्या पायथ्याशी किंवा जळगाव, भुसावळच्या एखाद्या सभागृहात त्यांच्या प्रती मांडणे काही अवघड नाही. आपल्या डोंगरांचे दीडशे वर्षांपूर्वीचे रूप पाहण्याचा पहिला हक्क येथल्याच माणसांचा आहे.

गिल मात्र अखेरपर्यंत इंग्लंडला परतला नाही. लेण्यांवरील आपल्या टिपणांचे पुस्तक जेम्स बर्जेसने मुंबईत प्रसिद्ध केले ते १८७९ मध्येच. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गिल आजारी पडला. घाटमाथ्यावर उपचाराची सोय नव्हती, ती रेल्वेच्या भुसावळला होती. १८४५ मध्ये तो आला तेव्हा या मुलखात रुळाचा एक तुकडाही नव्हता. आता मुंबई आणि नागपूर दोन्हीकडच्या गाड्या भुसावळला येत होत्या. पण अजिंठ्यापासून भुसावळपर्यंतची वाट अजून तीच होती, आणि दिवस खानदेशातल्या चैत्र-वैशाखाचे होते. गाडीरस्त्याने नेत असतानाच त्याचा मृत्यू झाला. भुसावळ येथील युरोपियन दफनभूमीत त्याचे दफन करण्यात आले.